फलाट नंबर नऊ

आमच्या गल्लीत नळाला पाणी चार दिवसांनी येतं, तेही रात्री बारा ते तीनच्या मध्ये कधीतरी. त्यामुळे सिनेमा बघायचा तो पाण्याच्या दिवशीच. बॅरलात पाइप सोडून ठेवायचा, शेंगदाणे घ्यायचे आणि टीव्हीपुढं बसायचं.

परवा बायकोनं १९९५ सालचा ‘बिफोर सनराइज’ लावला. अमेरिकन पोरगा आणि फ्रेंच पोरगी रेल्वेत भेटतात, व्हिएन्नाला उतरतात आणि रात्रभर हिंडत बोलत राहतात. पहाटे स्टेशनवर ठरतं, सहा महिन्यांनी संध्याकाळी सहाला इथंच, नऊ नंबरच्या फलाटावर भेटायचं. ना पत्ता, ना फोन नंबर. ती गाडीनं जाते, तो बसनं. मग रात्री दोघं जिथं जिथं बसले होते त्या जागा रिकाम्या दाखवतात. बागेत वाइनची बाटली पडलेली असते, एक म्हातारी तिच्या शेजारून चालत जाते, आणि खलास.

“संपला?” आईनं विचारलं. “मग भेटले का न्हाई?”

“नंबर का घेतला नाही बे त्यानं?” पोरगा म्हणाला.

दादा रेल्वेतून रिटायर झालेत. ते म्हणाले, “सहा महिन्यांचा वायदा? आपल्याकडं आता रिझर्व्हेशन ६० दिवस आधी मिळतंय. पूर्वी १२० होतं, तरी पुरलं नसतं.”

“ती येणार,” बायको म्हणाली. “तोच येणार नाही.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. “का? तो का नाही येणार?”

“गड्ड्याला आला होतात का?”

झालं. साखरपुड्यानंतर होम मैदानावर, गड्ड्याच्या जत्रेत, आकाशपाळण्यापाशी सहाला भेटायचं ठरलं होतं. मी पावणेसहालाच हजर होतो, देवाशपथ. पण पाळणे दोन होते. मी एकाखाली, ती दुसऱ्याखाली, आणि मध्ये अख्खं सोलापूर भजी खात उभं. साडेसातला भेटलो तेव्हा तिच्या हातातली बत्ताशांची पुडी घामानं विरघळली होती. जानेवारीत! त्या पोराला येडा म्हणा, पण त्यानं फलाटाचा नंबर तरी सांगितला होता.

पोरानं तोवर मोबाइलमध्ये शोधलं. दुसरा भाग २००४ साली आलाय. त्यात कळतं की तो व्हिएन्नाला आला होता, तीच आली नाही. नेमकी त्याच दिवशी तिच्या आजीची अंत्ययात्रा होती.

“मग कशी येईल?” आई कळवळली. “सुतकात पोरगी फिरायला जाईल का कुठं?”

“म्हणजे आला होता तो!” मी जरा जोरातच म्हणालो.

“हो. बरोबर फलाटावर,” बायको म्हणाली.

इतक्यात खालून शेजारच्या काकूंची हाक आली, “अहो, तुमचं पाणी गटारीत चाललंय की!”

पाइप बॅरलातून निसटून कधीचा अंगणात वळवळत होता. आम्ही पोचेपर्यंत नळानं दोन आचके दिले, फुस्स केलं आणि थांबला. बॅरलाच्या तळाला तांब्याभर पाणी.

“आता शुक्रवारी,” पाइप गुंडाळत दादा म्हणाले. “दुसरा भाग तेव्हाच लावू की.”

“त्याचाही शेवट असाच आहे म्हणे,” पोरगा म्हणाला.

बायकोनं पाइपला बांधायला सुतळी शोधायला घेतली.