बागेत लायब्ररी हवी, पण कुलूपबंद इमारत नको

गेले पंधरा दिवस आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर दुसरा विषयच नाहीये. बागेत पालिकेची लायब्ररी व्हावी की नाही. सकाळी फिरायला येणारे काका-काकू एका बाजूला, स्पर्धा परीक्षा देणारी मुलं दुसऱ्या बाजूला आणि मधे माझ्यासारखे बरेच, ज्यांना दोघांचंही पटतंय म्हणून गप्प बसलेत. पण परवा ज्या काकांनी माझ्या मुलीला याच बागेत सायकल शिकवली ते ग्रुप सोडून गेले, कोणीतरी त्यांना "तुम्हाला गरिबांच्या पोरांनी शिकलेलं बघवत नाही" असं म्हटलं म्हणून. त्या माणसाने स्वतः पाणी घालून बागेतले करंज जगवलेत हो. तेव्हा वाटलं की आता आपण सविस्तर लिहायलाच हवं.

आधी एका मुलाबद्दल सांगते. बागेच्या मागच्या वस्तीतला आहे, पोलीस भरतीचा अभ्यास करतो. घरात दहा बाय बाराची एक खोली, पाच माणसं आणि टीव्ही. म्हणून तो संध्याकाळी सातला बागेत येऊन हॅलोजनखालच्या बाकावर बसतो. मी रोज बघते, हाताला ओडोमॉस चोळतो, मांडीवर वही, आणि दिव्याभोवतीचे किडे वहीच्या पानावर पडतात ते फुंकरीने उडवत तो गणितं सोडवत असतो. पावसाळ्यात बाक ओला असतो म्हणून खाली प्लास्टिकची पिशवी. नऊ वाजले की वॉचमन मामा शिट्टी मारतात, बाग बंद. खाजगी अभ्यासिकेत महिन्याला हजार-दीड हजार मागतात, त्याची आई चार घरची धुणीभांडी करते, कुठून देणार? हे बघितल्यावर लायब्ररी नको असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

आणि तरीही पालिकेचा प्लॅन बघितला तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. दोन मजले, वर "बहुउद्देशीय हॉल", समोर पेव्हर ब्लॉक टाकून गाड्यांचं पार्किंग. आपली बाग आहे जेमतेम एकरभर! त्यात हॉल आणि पार्किंग घातलं की मुलांनी खेळायचं कुठे, आणि माझ्या सासूबाई, ज्यांना डॉक्टरांनी रोज अर्धा तास सपाट जमिनीवर चालायला सांगितलंय, त्यांनी रोज रस्त्यावरच्या ट्रॅफिकमधे चालायचं का? काका-काकूंची भीती खोटी नाहीये. एकदा हॉल झाला की लग्नं, वाढदिवस, मग मंडप, मग जेवणावळी, हे आपण दुसरीकडे बघितलेलं आहे.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं बंगळुरूला होते. तिथे कब्बन पार्कमधे लाल रंगाची एक सुंदर जुनी इमारत आहे, शेषाद्री अय्यर मेमोरियल हॉल, १९१५ सालची, आणि तिच्यात स्टेट सेंट्रल लायब्ररी आहे. दुपारी तिथे जाऊन बसलं की खिडकीतून झाडंच झाडं, आत म्हातारी माणसं पेपर वाचतायत, कॉलेजची मुलं नोट्स काढतायत, अंध वाचकांसाठी ब्रेलचा विभागसुद्धा आहे. पार्कात लायब्ररी आली म्हणजे पार्क मेलं असं होत नाही हे मी तिथे स्वतः अनुभवलंय. पण खरं ते बोलायला पाहिजे, ते पार्क तीनशे एकरच्या घरातलं आहे, आणि तिथेही नवी बांधकामं घुसू नयेत म्हणून १९७५ मधे कायदा करावा लागला आणि लोक अजूनही कोर्टात भांडतात. त्याच पार्कात आता दर शनिवारी सकाळी लोक चटया घेऊन येतात आणि झाडाखाली गुपचूप आपापलं पुस्तक वाचतात, कब्बन रीड्स नाव आहे त्याचं. आमच्या ग्रुपवरच्या एका ताईंनी त्याचाच दाखला दिला, की बघा, वाचायला इमारत कशाला लागते. ताई, शनिवारी सकाळी स्वतःचं पुस्तक घेऊन येणाऱ्याला नाही लागत. रोज रात्री घरात जागा नसलेल्याला लागते, आणि पुस्तक विकत घेऊ न शकणाऱ्यालाही लागते.

पण या सगळ्या भांडणात एक प्रश्न कोणीच विचारत नाहीये आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथे बसणार कोण? ग्रंथपाल कोण, पगार कुठून, पुस्तकं दरवर्षी किती आणि कुठल्या पैशातून घेणार? प्लॅनमधे फरशी कुठल्या कंपनीची ते लिहिलंय, पुस्तकांबद्दल एक ओळ नाही. आपल्याच चौकातलं समाजमंदिर आठवा. कोनशिला चकचकीत, दाराला गंजलेलं कुलूप, आत निवडणुकीचे बोर्ड रचून ठेवलेत.

कर्नाटकात घरपट्टीवर ग्रंथालयाचा सहा टक्के सेस, म्हणजे जादा कर, असतो, म्हणजे लायब्ररीसाठी पैसा येण्याची एक ठरलेली वाट तरी आहे. आपला ग्रंथालय कायदा १९६७ चा, त्यात असा सेस नाही, आपल्याकडची गावोगावची वाचनालयं सरकारी अनुदानावर आणि वर्गणीवर चालतात, आणि ग्रंथपाल तुटपुंज्या पैशात वर्षानुवर्षं राबतात. तरीसुद्धा आपल्याकडे केवढी परंपरा आहे बघा! कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, ही माणसांनी वर्गण्या काढून, वेळ देऊन टिकवली. आणि भिलारला २०१७ मधे पुस्तकांचं गाव केलं तेव्हा तर गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरातल्या खोल्या दिल्या. पुस्तकं आणि ती सांभाळणारी माणसं असली की जागा कशीही होते, उलटं मात्र मी कुठे झालेलं बघितलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. लायब्ररी बागेतच करा, पण बंद पडलेल्या कारंज्याच्या जागेवर. तीन वर्षं तिथे हिरवं पाणी साचून डास होतायत, तिथे सिमेंट आधीच आहे, एक रोपटंही हलवावं लागणार नाही. फक्त तळमजला. हॉल नको, पार्किंग नको. मागच्या गल्लीतून वेगळं दार, म्हणजे बाग नऊला बंद झाली तरी मुलं अकरापर्यंत बसू शकतील. दिवसा म्हाताऱ्या माणसांना पेपर, लहान मुलांना गोष्टींची पुस्तकं, आणि पुस्तकं घरी न्यायची सोय, नुसती खुर्च्या-टेबलांची अभ्यासिका नाही. आणि भूमिपूजनाआधी ग्रंथपालाचं पद आणि पुस्तकांचा वार्षिक निधी मंजूर झाल्याचा कागद दाखवा. तो कागद नसेल तर मीसुद्धा विरोधात सही करणार, मग ते हॅलोजनखालचं पोरगं डोळ्यासमोर असलं तरी, कारण त्याला कुलूप लावलेली इमारत काही कामाची नाही.

झाडांचं म्हणाल तर पश्चिमेच्या कुंपणाजवळचा पर्जन्यवृक्ष जाऊन बघा, खोडावर नंबराचा पत्रा खिळ्याने ठोकलाय आणि खिळ्याभोवती साल फुगून वर आलीये, इतका जुना पत्रा आहे तो. सध्याच्या प्लॅनमधे पार्किंगची रेघ बरोब्बर त्याच्यावरून जाते. झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली जाहीर नोटीस लावावी लागते, ती लागते का यावर रोज नजर ठेवा. आणि बागेचं आरक्षण बदलायचा प्रस्ताव आलाच तर एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे हरकती-सूचनांसाठी एक महिना असतो, तेव्हा ग्रुपवर अंगठे दाखवून उपयोग नाही, लेखी द्यावं लागतं आणि पोच घ्यावी लागते.

काकांना मी काल घरी जाऊन भेटले. कारंज्याची जागा त्यांना पटली, म्हणाले त्या भिंतीशी बकुळ लावू, मुलांना खिडकीतून वास येईल. अर्जाचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून लिहिलाय. रविवारी सकाळी साडेसातला बागेच्या गेटपाशी बसतोय, ज्यांचा विरोध आहे त्यांनी तर नक्की या, वाचा, खोडा, तुमचं वाढवा. त्या पोराला आणि त्याच्या दोन मित्रांनाही बोलावलंय.