खडू, वही आणि सहा मिनिटे : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

दहावीच्या गणितातील समरूपतेवरचा ऑनलाइन पाठ मी कसा बांधला, या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : सहा मिनिटांचे तुकडे पाडून मी दहावीच्या मुलांना बालवाडीत बसवते आणि ती नुसती पडद्याकडे बघत राहतात, आपल्या शेजारच्या मुलीच्या फोनमध्ये दुपारनंतर डेटाच उरत नाही, सरावाच्या चौथ्या प्रश्नाच्या आकृतीत क्यू हा बिंदू भलत्याच बाजूवर पडला आहे, आणि ‘असले पाठ ज्यांनी आयुष्यात खडू हातात धरला नाही अशीच माणसे रचतात’. मतभेदाचे मला वावडे नाही. मात्र आपण निवृत्त मुख्याध्यापक आहात हे एकाच प्रतिक्रियेत दोनदा सांगून, ज्या व्यक्तीला आपण कधी भेटला नाहीत तिला ‘बाई, जरा वर्गात जाऊन बघा’ असे सुनावणे मला शोभादायक वाटले नाही. मुद्दा सौम्य शब्दांतही मांडता आला असता.

चौथ्या प्रश्नाच्या आकृतीबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. चूक माझीच आहे.

सहा मिनिटांविषयीही एक गोष्ट मान्य करते. लेखात मी ‘नियम’ हा शब्द वापरला, तो सैल होता. गुओ, किम आणि रूबिन या संशोधकांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील चार अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिल्याच्या नोंदी तपासल्या, त्यांत व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांच्या पलीकडे जात नव्हता. ते विद्यार्थी शालेय नव्हते, आणि तेथे किती वेळ पाहिले ते मोजले होते, किती समजले ते नव्हे. एवढे लिहिले की या मुद्द्यावर आणखी बोलण्याची गरज राहत नाही.

आता खडू. पुण्यातल्या पेठेतील एका मराठी शाळेत मी अकरा वर्षे गणित शिकवले आहे. खोल्या जुन्या, वर्गात साठाच्या घरात मुले, आणि पावसाळ्यात फळा इतका ओलसर होई की समांतर रेषा मधेच पुसट उमटे. खडूच्या भुकटीने बोटांच्या पेरांना पडलेल्या भेगा घरी भांडी घासताना किती झोंबतात, हे मला कोणी सांगायला नको. सांगण्याची वेळ आपण आणली, म्हणून सांगते आहे.

त्या अकरा वर्षांत प्रमाणाचे मूलभूत प्रमेय मी दरवर्षी शिकवले. त्रिकोण एबीसीमध्ये बीसीला समांतर रेषा एबीला पीमध्ये आणि एसीला क्यूमध्ये छेदते; ती या दोन्ही बाजू एकाच प्रमाणात विभागते, हे सिद्ध करायचे असते. मग बीक्यू आणि पीसी जोडायचे आणि क्षेत्रफळांची गुणोत्तरे घ्यायची. मुले येथवर बिनबोभाट येतात. त्रिकोण एपीक्यू आणि त्रिकोण पीबीक्यू यांची उंची एकच, म्हणजे क्यूमधून एबीवर टाकलेला लंब, असे म्हटले की मात्र निम्मा वर्ग गप्प होतो, कारण आमच्या फळ्यावरच्या आकृतीत दुसऱ्या त्रिकोणाचा कोन पी विशाल असतो आणि त्याची उंची त्याच्या बाहेर पडते. त्रिकोणाची उंची त्रिकोणाच्या पोटातच असली पाहिजे, अशी त्यांची पक्की समजूत असते. मी गुण्या फळ्यावर टेकवून दाखवत असे. तरीही सहामाहीच्या उत्तरपत्रिकांत बीमधून पीक्यूवर टाकलेला लंब हटकून सापडेच.

माझ्या पाठातील प्रश्नांचे चुकीचे पर्याय या उत्तरपत्रिकांतून आलेले आहेत. ज्याने वह्या तपासलेल्या नाहीत, तो चुकीचा पर्याय म्हणून काहीतरी आकडा टाकून मोकळा होतो. मी तेथे बीमधून टाकलेला लंब ठेवला, आणि तो निवडणाऱ्या मुलाला नुसते ‘चूक’ न दाखवता पाठ गुण्याच्या आकृतीकडे परत नेतो. आपण ज्यांना तुकडे म्हणता, त्यांच्या कडा अशा जागी आहेत. घड्याळ लावून कापलेले काही नाही.

हे एका दिवसात सुचले, असेही नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर धायरीच्या घरात डब्यांच्या उतरंडीवर फोन उभा करून मी याच प्रमेयाचा सलग एक्केचाळीस मिनिटांचा व्हिडिओ केला होता. कुकरच्या तीन शिट्ट्यांसकट. फळ्यावरचा तास जसाच्या तसा पडद्यावर नेला की शिकवून होते, अशी आपल्यासारखीच माझीही समजूत होती. वर्गात एखादा चेहरा कोरा पडला की मी थांबत असे; फोनपुढे थांबायला कारणच नव्हते, म्हणून मी बोलत गेले. नंतर वह्यांचे फोटो मागवले तेव्हा बहुतेकांनी शेवटचे विधान तेवढे सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले होते. (त्या काळात आपण काय करत होतात, हे मी विचारणार नाही.) केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरील अभ्यासक्रमांतही व्हिडिओच्या जोडीला वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि शंकाचर्चा असे आणखी तीन भाग ठेवावे लागतात. ते कशासाठी, हे मला त्या वह्यांनी शिकवले.

डेटाचा प्रश्न खरा असला तरी तो पाठाच्या रचनेचा नव्हे, त्यामुळे येथे त्यात शिरत नाही. पाठ एकदा उतरवून घेण्याची सोय आहे.

राहता राहिले ‘नुसती बघत राहतात’. तिसऱ्या मिनिटाला पाठ आपण होऊन थांबतो, ‘वही घ्या, क्यूमधून एबीवर लंब काढा’ असे सांगतो, आणि आपल्या आकृतीत लंबाचा पाया कोठे पडला, याचे उत्तर दिल्याखेरीज पुढे सरकत नाही. ही गोष्ट आपल्या प्रतिक्रियेत कोठेच आलेली नाही, त्यावरून आपण पाठ कितव्या मिनिटापर्यंत पाहिलात याचा मला अंदाज आला. चौथ्या प्रश्नातील क्यू आज सकाळी एसीवर नेला आहे. सवडीने आकृती पुन्हा पाहावी, आणि या वेळी वही घेऊन बसावे.