पट्टी दिसतेय

लग्नाचा मांडव असो, बँकेची रांग असो, एवढंच काय, कुणाच्या तेराव्याची पंगत असो; एक बाई दुसरीच्या कानाशी लागली की मी ओळखते. दोनच शब्द असतात. "पट्टी दिसतेय." ऐकणारीचा हात तत्काळ खांद्याकडे जातो, चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचा भाव येतो, आणि सांगणारीच्या चेहऱ्यावर समाजसेवा केल्याचा. ती आतल्या कपड्याची पट्टी तिथे आहे हे मांडवातल्या भटजींपासून वाढप्यापर्यंत सगळ्यांना माहीत असतं. नसती तर केवढा बोभाटा झाला असता! पण असावं आणि दिसू मात्र नये, हे आजवर फक्त देवाला जमलंय.

ते मला जमवायचं होतं. हौस म्हणून नव्हे, धंदा म्हणून. वडोदऱ्यात दांडिया बाजारात मी चणियाचोळ्या शिवून देते. सासरच्यांचे पूर्वज सयाजीराव महाराजांच्या चाकरीत इथे आले आणि इथलेच झाले, त्यामुळे घरात मराठी, दुकानात गुजराती आणि हिशेबाच्या वेळी दोन्ही. नवरात्रात घरी घट, बाहेर गरबा. श्रावण लागला की पोरींची रांग सुरू होते आणि दर दुसरी एकच सांगून जाते, "बेन, पाछळथी एकदम ओपन राखजो, पण पट्टी देखावी ना जोईए." म्हणजे पाठ मोकळी टाका, आधार शाबूत ठेवा, आणि आधार कुठून आला ते कुणाला कळू देऊ नका. सरकारं याच तत्त्वावर चालतात म्हणा.

बरं, त्याच पाठीवर चोळीची दोरी असते. ती लाल असते, तिला मुठीएवढी लटकणं असतात, आभळे, म्हणजे बारीक आरसे असतात, घुंगरू असतात. ती दिसलीच पाहिजे, नाहीतर पैसे परत. दोरी काय धरते? चोळी. पट्टी काय धरते, ते सांगत नाही. पण खरं काम करणाऱ्याने तोंड लपवायचं आणि नुसतं लोंबणाऱ्याने मिरवायचं, ही पद्धत मला पाठीवर पहिल्यांदा दिसली असं मात्र नाही.

तर मंगळ बाजारात गेले. तिथे या मालाच्या दुकानात काउंटरवर हमखास पुरुष असतो आणि तो आपल्याकडे न बघता आपलं माप बरोबर सांगतो. "पारदर्शक पट्टी आहे का?" विचारल्यावर त्याने पाकिटांचा ढीग ओतला. साधी, बारीक, रुंद. मग आवाज खाली आणून, "बेन, आ वधारे चाले छे," म्हणत एक खास पाकीट काढलं. पट्टी पारदर्शक आणि तिच्यावर ओळीने चमचमणारे खडे. लपवायचीही सोय आणि त्यावर दिव्यांची माळही. ती जास्त चालते यावर माझा पूर्ण विश्वास बसला.

साधी घेऊन आले. भाचीला घातली. भाची युनिव्हर्सिटीत शिकते आणि माझ्या सर्व प्रयोगांना खांदा देते, शब्दशः. आरशासमोर ठीक वाटली. मग तिला मैदानावर नेली. वडोदऱ्याच्या गरब्यात गाणारे मधोमध बसतात, भोवती रिंगणामागून रिंगणं, आणि वर क्रिकेटच्या सामन्याला शोभतील असे दिवे. त्या दिव्यांखाली भाची वळली की दोन्ही खांद्यांवर दोन पांढऱ्या रेघा लखकन चमकायच्या. काळी पट्टी असती तर अंधारात खपून गेली असती. ही मात्र तिसऱ्या रिंगणातून मला दिसत होती, आणि माझा चष्मा घरी राहिला होता.

नवऱ्याने त्याचं शास्त्र सांगितलं. तो प्लास्टिकचा माणूस आहे. या गावात 1969 साली पेट्रोकेमिकल्सची मोठी सरकारी कंपनी आली तेव्हापासून दर घरात एक तरी माणूस पॉलिमरवर बोलतो. आमच्या घरातला हा. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, त्याचं प्लास्टिकच्या नळ्या काढायचं छोटं युनिट आहे. तो म्हणाला, "अगं, आरपार दिसतं म्हणून चमकत नाही असं थोडंच असतं? हवेतून प्लास्टिकवर समोरून उजेड पडला की चार टक्के तिथेच परत फिरतो. तिरका पडला की आणखी. त्यात तुझी पट्टी गुळगुळीत." चार टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण मैदानभर दिव्यांचे चार टक्के खांद्यावर आले की पुरतात.

मग चमक मारायची. पृष्ठभाग खरबरीत केला की उजेड एका दिशेने न फिरता विखुरतो. नवऱ्याने ओळखीच्या एका युनिटातून टीपीयूची, म्हणजे ताणली जाणाऱ्या पॉलियुरेथेनची, मॅट पट्टी आणवली. टेबलावर सुंदर दिसली. भाचीच्या खांद्यावर मात्र असं वाटलं की पोरीला कुठेतरी लागलंय आणि कुणीतरी चिकटपट्टी लावून दिलीय. विखुरलेला उजेड दुधाळ पांढरा दिसतो; गोऱ्यापान कातडीवर तो जिरून जातो, आपल्या गव्हाळ रंगावर उठून दिसतो. पाकिटांवरच्या फोटोतल्या सगळ्या बायका इतक्या पिठूळ गोऱ्या का असतात, ते त्या दिवशी कळलं. पहिल्याच संध्याकाळी दोघींनी भाचीला आपुलकीने विचारलं, "शुं थयुं, बेटा? वागी गयुं?"

नवरा या वस्तूला कधीही नावाने बोलवत नाही. तो तिला 'कॉम्पोनंट' म्हणतो. जेवताना, सासूबाई समोर असताना, ताकाचा पेला खाली ठेवून त्याने विचारलं, "कॉम्पोनंटवर लोड किती येतो?" मी आमटीत बघत राहिले. "एका बाजूचा सांग, मी दुप्पट करीन," तो म्हणाला. सासूबाईंनी शांतपणे भात वाढला.

खरं तर लोडचं गणित लोक समजतात तसं नसतं. बराचसा भार पाठीमागून फिरणारा खालचा पट्टा पेलतो, खांद्यावरच्या पट्ट्या त्याला हात देतात. पण खालचा सैल घेतला की सगळं ओझं खांद्यावर येतं. मग पट्टी रुतते, लाल वळ उठतो. रुंद केली तर रुतत नाही पण दिसते, अरुंद केली तर दिसत नाही पण रुतते. हे नवऱ्याला सांगणं शक्य नव्हतं, म्हणून मी त्याला अर्धा किलो तूरडाळ दिली. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला पट्टी बांधून खाली डाळीची पिशवी टांगली. रात्रभर टांगून सकाळी पट्टी किती लांबली ते मोजायचं. टीपीयू सतत ताणून ठेवलं की हळूहळू सैलावतं, म्हणजे आठ वाजता घट्ट असलेली पट्टी आरती होईपर्यंत कोपरापाशी.

डाळ पहाटे पडली. पट्टी तुटली ती मधून नव्हे, शिवणीशी. आमच्या दरजीकाकांनी कडीभोवती पट्टी दुमडून मशीनवर टीप मारली होती, कापडाला मारतात तशी. पोस्टाच्या तिकिटांना भोकांची ओळ असते ना, तसं झालं होतं. सुईने स्वतःच सांगून ठेवलं होतं की इथून फाडा. अशा पट्टीला शिवायचं नसतं, उष्णतेने वितळवून जोडायचं असतं. दरजीकाकांना हे सांगितलं तर ते दुखावले. चाळीस वर्षं सुई धरलेल्या माणसाला बाजूला व्हायला सांगणं सोपं नसतं. शेवटी त्यांनी खालच्या पट्ट्याची शिवण आपल्याकडे ठेवली आणि वरची जोडणी 'इंजिनिअर साहेबांवर' टाकली. डाळ निवडायला मात्र कुणीच पुढे आलं नाही.

याच काळात मी या वस्तूचा इतिहास वाचला, दुःख हलकं व्हावं म्हणून. मेरी फेल्प्स जेकब नावाच्या अमेरिकन मुलीला पार्टीला जायचं होतं आणि तिच्या कॉर्सेटच्या काड्या झिरझिरीत गाऊनमधून दिसत होत्या. तिने दोन रुमाल आणि रिबन घेऊन मोलकरणीच्या मदतीने काम भागवलं, आणि 3 नोव्हेंबर 1914 रोजी त्याचं पेटंट मिळवलं. म्हणजे आतलं दिसू नये म्हणून जिचा जन्म झाला, ती दिसू नये म्हणून शंभर वर्षांनी मी डाळ सांडते आहे. त्याच्याही आधी, 1871 साली, कपड्यांना लावायच्या, कमीजास्त करता येणाऱ्या आणि काढघाल होणाऱ्या लवचीक पट्टीचं पेटंट घेतलं होतं सॅम्युअल क्लेमेन्स यांनी. म्हणजे मार्क ट्वेन. त्यांच्या डोक्यात बंड्या आणि विजारी होत्या. पण या खात्यात एक विनोदी लेखक आधीच येऊन गेलाय, हे कळल्यावर मला जरा घरच्यासारखं वाटलं.

पुढचा घोटाळा हळदीचा. आमच्याकडे स्वयंपाक करता करता प्रयोग चालतात, त्यामुळे नमुन्याला हळदीचा हात लागला. हळद कापडाला लागते तशी प्लास्टिकलाही धरते. साबण लावला तर साबणाच्या क्षाराने ती लाल झाली, म्हणजे पट्टी आता पारदर्शक सोडून सगळं होती. हळद उन्हात उडते, तेव्हा उन्हात घालावी म्हटलं. तर नवरा म्हणाला की स्वस्तातली टीपीयू उन्हातल्या अतिनील किरणांनी स्वतःच पिवळी पडते. न पिवळी पडणारी वेगळी असते, महाग असते. म्हणजे उन्हात ठेवलं तर हळद जाऊन पिवळी, सावलीत ठेवलं तर हळद राहून पिवळी. आणि आमच्या घरात तर प्रश्नच नव्हता; इथे ही वस्तू पिढ्यान्‌पिढ्या गच्चीवर पंच्याखाली वाळते. सूर्यनारायणाला तिचं दर्शन झालेलं नाही.

याच गावात 1890 साली सयाजीरावांनी कलाभवन, म्हणजे तंत्रशिक्षणाची संस्था, काढलं. त्याचे पहिले प्राचार्य प्रोफेसर गज्जर मोठे रसायनतज्ज्ञ. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यावर कुणी डांबर फासलं तेव्हा तो डाग त्यांनी काढला होता. अशा गावात राहून मला हळदीचा एक ठिपका निघेना. पण राणी संगमरवरी होती, हे त्यांच्या पथ्यावर पडलं.

शेवटी जमलं ते असं. पट्टी साधी, महागातली, बारीक. फक्त तिच्या कडा जरा खरबरीत, कारण चमक कडांवरच जास्त धावते. कड्यासुद्धा धातूच्या नाहीत, पारदर्शक. आणि ती पट्टी चोळीच्या दोरीखालून नेली, लटकणाच्या अगदी शेजारून. बघणाऱ्याचा डोळा लटकणावर जातो आणि तिथेच राहतो. घाम आला की पट्टी आणि कातडी यांच्यामधली हवा जाते, खालची चमकही कमी होते. म्हणजे गरबा जितका रंगेल तितकी पट्टी कमी दिसेल. हात वर-खाली करताना ओल्या खांद्यावरून ती घसरू नये म्हणून आतून खांद्याशी एक बारीक बंद दिला. भाची आली, घालून गेली, रात्री उशिरा घरी आली. "मावशी, कुणी काही म्हणालं नाही." मी विचारलं, "काहीच नाही?" तर म्हणे, "लटकण फार मोठंय म्हणाले." या वर्षीच्या ऑर्डरी मी त्यावरच घेतल्या.

महागातली पट्टी थोडी मिळत नाही, पूर्ण रीळ घ्यावं लागतं. ते घरात शिलकीत पडलं. घटस्थापनेच्या दिवशी संध्याकाळी मी दुकानातून आले तर देवघरात पाहुण्या आलेल्या, त्यात नवऱ्याची मुंबईची आत्या. घटावर झेंडूची पहिली माळ टांगलेली, अधांतरी. वर बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

"आई," मी सासूबाईंना स्वयंपाकघरात ओढून म्हणाले, "ती कशाची पट्टी आहे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"अर्धा किलो डाळ पेलली नाही ती पहिली. ही पेलते. मी पाहिलंय टांगून," त्या म्हणाल्या. "आणि नवीच आहे ना? कोरी?"

कोरी होती. काय बोलणार! बाहेर आलो तर आत्या मान तिरकी करून माळेकडे बघत होत्या. "वहिनी, अहो, कशाला बांधलीय हो? दोरा दिसतच नाही. आमच्याकडे सुतळी कशी ओंगळ दिसते."

"सुनेच्या धंद्यातलं आहे," सासूबाई निरांजनाची वात पुढे सारत म्हणाल्या. "किती हवी? दोन मीटर पुरेल?"