पावा 440ला का बसवत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

कच्छच्या बन्नीतल्या सिंधी बोलणाऱ्या कलाकारांच्या ध्वनिमुद्रणावरचा लेख तुम्हाला भाबडा वाटला. तुमचं म्हणणं असं: त्यांना मुंबईच्या स्टुडिओत आणून एकेक वाद्य वेगळं, क्लिकवर (हेडफोनमधल्या ठरावीक लयीच्या टिकटिकीवर) घ्यायला हवं होतं, जोडिया पावा 440 हर्ट्झच्या, म्हणजे वाद्यं जुळवायच्या प्रमाण सुराच्या, हिशेबात नाही, तो सॉफ्टवेअरने सुधारायला हवा होता, आणि कलाकारांच्या हक्कांवर लेखात जेमतेम एक ओळ आहे. शेवटच्या मुद्द्यावर वाद नाही, पहिल्या दोन्हींवर आहे.

आधी सुराचं. पावा म्हणजे एकाच तोंडात धरलेल्या दोन बासऱ्या. त्यातली ‘नर’ बासरी एकच आधारसूर धरून ठेवते, ‘मादी’वर चाल वाजते. वादक गालातली हवा फुंकता फुंकता नाकाने श्वास घेतो, म्हणून आवाज तुटत नाही. मेण लावून जोडी आपसात जुळवलेली असते. बाहेरच्या कुठल्या मापाशी तिला देणंघेणं नाही. सॉफ्टवेअरने चालीतला एक स्वर ओढायला जाल, तर त्याच माइकात आलेला आधारसूरही डुगडुगतो आणि ते लगेच कानाला टोचतं. अख्खा ट्रॅक सरसकट वर-खाली करता येईल, पण कशासाठी? साथीला मातीचा घडा आणि घमेलं आहे, हार्मोनियम नाही.

सुराची खरी कटकट उन्हाची. हवा दर अंशाने तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो. सकाळ ते दुपार दहा अंशांचा फरक पडला, तर बासरी 30 सेंटपर्यंत चढू शकते, म्हणजे अर्धस्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. फुंकेची ऊब आत असतेच, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमी. तरीही सकाळच्या टेकचा (एका दमात केलेल्या मुद्रणाचा) तुकडा दुपारच्या टेकला जोडला की सांधा उघडा पडतो. म्हणून प्रत्येक टेकआधी अर्धा मिनिट नुसता नराचा सूर घेऊन ठेवायचा आणि जोडकाम फक्त जुळणाऱ्या टेकांत करायचं. पावा गाडीत उन्हात ठेवू देऊ नका, मेण मऊ पडतं.

वाई या गायनप्रकाराला क्लिक लावण्याचा विचार तर सोडूनच द्या. सिंधी सूफी कवी शाह अब्दुल लतीफ (1689–1752) यांची ही पदं पाच तारांच्या डंबुऱ्यावर गातात. एक गायक अगदी उंच, बारीक आवाजात ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात, आणि कुठे सोडायची ते एकमेकांच्या तोंडाकडे बघून ठरतं. हेडफोन घालून वेगवेगळ्या खोल्यांत बसवलंत की ओळ झेलणारा अर्धी मात्रा थांबतो. ट्रॅक स्वच्छ मिळेल, वाई मिळणार नाही.

मांडणी अशी: सगळे जमिनीवर अर्धगोलात. समोर दीड-दोन मीटरवर दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारे) माइक, मध्ये 17 सेंटिमीटर अंतर, 110 अंशांचा कोन, उंची साधारण सव्वा मीटर. डंबुऱ्याला 30 सेंटिमीटरवर एक जादा माइक पुरे. पाव्याच्या सत्रात घडा-घमेलं सगळ्यात मागे. पातळी घड्याच्या सर्वांत जोरदार ठोक्यावर लावायची, तो उणे 12 डेसिबलच्या वर जाता कामा नये (शून्य म्हणजे यंत्राची कमाल मर्यादा). मुद्रणाचा डिजिटल दर्जा 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. बन्नीतला भुंगा, म्हणजे तिथलं झोपडीवजा घर, गोल असतो आणि गोल भिंत आवाज मध्याकडे फेकते, म्हणून माइक बरोबर मध्यावर कधीच नको. छपराचं गवत आवाज शोषतं. भिंतींना मात्र दोन-तीन गोधड्या टांगा. पंखा बंद. जनरेटर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. गुरं परतायच्या आत काम आटोपा, नाहीतर घंटा कुठल्याही फिल्टरने निघत नाहीत.

आता हक्क. लतीफांच्या काव्यावर कुणाची मालकी नाही, पण गायनावर आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार सादरकर्त्याचा हक्क 50 वर्षं टिकतो, आणि 2012च्या दुरुस्तीनंतर व्यापारी वापर झाल्यास रॉयल्टीही त्याला मिळायला हवी. श्रेयात नुसतं ‘पारंपरिक’ लिहिलं की गाणाऱ्याचं नावच पुसलं जातं, पुढे कुणीही तेच ध्वनिमुद्रण आपलं म्हणून चढवतं. करार त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा, मुद्रण सुरू व्हायच्या आधी. उपयोग कुठे होणार ते त्यात वेगवेगळं लिहावं: संग्रह, इंटरनेट, जाहिरात. मानधन प्रत्येकाच्या हातात किंवा खात्यात त्याच दिवशी, म्होरक्यामार्फत नाही. घडा वाजवणाऱ्याचा वाटा तिथेच गळतो.