प्रोजेक्टचे आकडे ‘ॲडजस्ट’ करून देणाऱ्या पालकांसाठी

काल ताईने ग्रुपवर तो मेसेज टाकला, "मुलांचा रिसर्च प्रोजेक्ट : पालकांनी करायच्या पाच गोष्टी". तुमच्याकडेही आला असेल, सगळीकडे फिरतोय. एरवी सोडून दिलं असतं, पण भाची नववीत आहे, प्रोजेक्ट अर्ध्यावर आलाय आणि ताई तो मेसेज वाचून पोरीच्या वहीतले आकडे बघायला बसली, म्हणून लिहितेय.

आधी चौथा मुद्दा, सगळ्यात घातक तोच. "रिझल्ट मनासारखा आला नाही तर आकडे थोडे ॲडजस्ट करून द्या, नाहीतर मार्क जातात." अहो, याला मदत म्हणायचं? भाचीने वीस कुंड्यांत बिया पेरल्या, दहा कुंड्यांना रोज दोन तास गाणी ऐकवली, दहांना नाही, माती-पाणी-ऊन सारखंच, आणि तीन आठवड्यांनी उंचीत सांगण्यासारखा फरक नाही. मग तोच तिचा रिझल्ट! 1887 साली मायकेलसन आणि मोर्ले हे शास्त्रज्ञ ईथरमुळे, म्हणजे प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानायचे त्या माध्यमामुळे, प्रकाशाच्या वेगात पडणारा फरक मोजायला गेले, अपेक्षेएवढा फरक सापडलाच नाही, त्यांनी तसंच छापलं, आणि तो प्रयोग आजही शिकवतात. फरक का दिसला नसेल, कुंड्या कमी पडल्या का, गाण्याचा आवाज दुसऱ्या दहांपर्यंत पोचत होता का, हे विचारा ना तिला. रिपोर्टमधलं सगळ्यात चांगलं पान त्यातूनच निघेल. आकडे बदलून दिलेत तर पोरीला एवढंच कळेल की खरं काय आलं ते आईलाच नको होतं.

"विषय पालकांनी निवडावा, स्कोप असलेला." नाही. विषय तिचा, तुम्ही फक्त विचारा की हे मोजणार कशाने आणि किती दिवसांत.

"भाषा चांगली दिसावी म्हणून रिपोर्ट तुम्ही लिहा." आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या एक्स्टेंडेड एसेमध्ये, म्हणजे मुलांनी स्वतः संशोधन करून लिहायच्या 4000 शब्दांपर्यंतच्या निबंधात, गाईड शिक्षकानेसुद्धा एकूण साधारण 3 ते 5 तासच द्यायचे असतात आणि मजकूर एडिट करून द्यायचा नसतो. शिक्षकाला जे चालत नाही ते आपल्याला कसं चालेल?

"रोज शेजारी बसून करून घ्या." हिल आणि टायसन या संशोधकांनी 2009 मध्ये मिडल स्कूलच्या मुलांवरचे 50 अभ्यास एकत्र तपासले. पालकांच्या बाकी सहभागाचा मुलांच्या प्रगतीशी चांगला संबंध दिसला, गृहपाठात मदत करण्याचा मात्र नाही. सगळ्यात घट्ट संबंध होता तो शिकण्याचं महत्त्व, आपल्या अपेक्षा, पुढचे बेत यावर मुलांशी बोलण्याचा. तो अभ्यास प्रोजेक्टचा नाही आणि संबंध म्हणजे कारण नव्हे, मान्य, पण मेसेजवाल्याकडे तर तेवढंही नाही.

पाचवा मुद्दा, तारखा लिहून भिंतीवर लावा, हा बरोबर आहे, नाइलाजाने म्हणते. या वयात तीन महिने म्हणजे अनंत काळ वाटतो. फक्त तारखा तिलाच ठरवू द्या. आणि केमिकल, वीज, अनोळखी लोकांच्या मुलाखती असं काही असेल तर मात्र सोबत थांबायचंच, ते आपलंच काम आहे.

ताईला फोन करून सांगितलंय, वही परत दे आणि आज रात्री तिच्याकडून कुंड्यांचं सगळं ऐकून घे, मध्ये न बोलता.