सोंग, सोंग!

गेले आठ महिने दर रविवारी सकाळी सात वाजता शांघायच्या फूशिंग पार्कमध्ये एक ब्याऐंशी वर्षांचे गृहस्थ माझ्याभोवती फेरी मारतात आणि चारचौघांत म्हणतात, "सोंग, सोंग!" पहिल्या दिवशी मी चपापलोच. यांना मराठी येतं की काय? आणि येत असलं तरी इतक्या लवकर ओळखलं? कारण त्या क्षणी मी खरोखरच सोंग करत होतो, शांत असल्याचं.

पुढे कळलं की 'फांगसोंग' म्हणजे सैल सोड, ढिला हो. त्यातलं सोंग म्हणजे सैल. पाइनच्या झाडालाही सोंगच म्हणतात, आणि हल्लीच्या चिनी लिपीत दोन्हींचं अक्षरही एकच आहे. तिकडे एक म्हण आहे: उभं राहावं पाइनसारखं, बसावं घंटेसारखं, चालावं वाऱ्यासारखं, निजावं धनुष्यासारखं. यातलं निजणं मला लहानपणापासून जमतं.

प्रकार असा आहे, की मी शांघायमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात नोकरीला आहे. दिवसाचे अकरा तास खुर्चीत जातात. गेल्या वर्षी मान अशी धरली की 'नाही' म्हणायचं तर कमरेपासून वळावं लागे. ऑफिसात याचा अर्थ लोकांनी 'हो' असाच घेतला आणि कामं वाढली. शेवटी आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या आयींनी मला हाताला धरून बागेत, नुसतं स्थिर उभं राहायला शिकवणाऱ्या त्या गृहस्थांकडे नेलं. चिनीत मावशीला 'आयी' म्हणतात. त्यामुळे त्यांनी काही सांगितलं की माझा हात आपोआप कामाला लागतो. सवय सोलापूरची आहे.

या उभं राहण्याला 'जान ज्वांग' म्हणतात. जान म्हणजे उभं राहणं आणि ज्वांग म्हणजे जमिनीत ठोकलेला खांब, मेढ. आपल्याकडे लग्नाआधी मुहूर्तमेढ रोवतात, तसं इथे माणसालाच रोवतात. पाया घालताना जमिनीत ठोकतात तो खांबही ज्वांगच, आणि विजेवरची गाडी चार्ज करायला रस्तोरस्ती जो खांब असतो, त्यालाही ज्वांगच म्हणतात. आमच्या कंपनीच्या आवारात असे कितीतरी ज्वांग आहेत. त्यांच्यात आणि माझ्यात फरक इतकाच की त्यांच्यातून काहीतरी वाहतं.

माझ्यातूनही वाहायला हवं. त्याचं नाव छी, म्हणजे आपला प्राण म्हणा. छीगोंग म्हणजे त्या छीची मेहनत. आणि ही मेहनत करायची कशी? तर काहीही न करता.

काहीही न करण्याची यादी मात्र लांबलचक आहे. पावलं खांद्यांइतकी लांब ठेवायची. गुडघे किंचित वाकवायचे, बोटांच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत. उंच स्टुलाच्या कडेवर जेमतेम टेकल्यासारखं बसायचं, फक्त स्टूल नसतं. माकडहाड जमिनीकडे सोडायचं, डोक्याचा मध्य आभाळातून कुणी दोऱ्याने वर ओढतोय असं समजायचं. जीभ टाळूला लावायची. डोळे अर्धे मिटायचे. हात छातीसमोर, मोठं झाड मिठीत घेतल्यासारखे गोल धरायचे, बोटं एकमेकांना न चिकटवता. लक्ष बेंबीखाली तीन बोटांवर, दानत्येनमध्ये ठेवायचं. ही तीन बोटं पोटाच्या गोलाईवरून मोजायची की सरळ रेषेत, हे मी विचारलं होतं. लाओशी, म्हणजे आमचे गुरुजी, माझ्या पोटाकडे बघून बराच वेळ गप्प राहिले.

पहिलं मिनिट मजेत जातं. दुसऱ्या मिनिटाला नाक खाजतं. ते नाकाच्या आत नाही, बाहेरही नाही, मधल्या कुठल्यातरी पडद्यावर खाजतं. तिसऱ्या मिनिटाला आठवतं की गॅस बंद केला का ते पाहिलं नाही. माझ्या घरात विजेची शेगडी आहे, तरी आठवतं. चौथ्या मिनिटाला खांद्यांत कुणीतरी ओला कपडा पिळायला लागतं आणि मांड्या थरथरू लागतात. ही थरथर चांगली म्हणे. लाओशी जवळ येऊन मांडीकडे बघतात, सुगरणीने भाकरी फुगताना बघावं तसं, आणि खूश होऊन पुढे जातात.

आणि नेमकं तेव्हाच मनगटावरचं घड्याळ थरथरतं: 'बराच वेळ बसून आहात. उठा, जरा उभे राहा!' हात हलत नाही म्हणजे माणूस बसलेला आहे, अशी त्या बिचाऱ्याची समजूत. गुडघ्यापासून मानेपर्यंत घामाने निथळत उभ्या असलेल्या माणसाला असं म्हणणाऱ्या घड्याळाबद्दल मनात जे शब्द येतात, ते जीभ टाळूला चिकटलेली असताना उच्चारता येत नाहीत. हा नियम कुणीतरी फार विचार करून केला असावा.

आजूबाजूला सगळी बाग हलत असते. फूशिंग पार्क 1909 सालची, फ्रेंचांच्या वसाहतीतली, मोठाल्या प्लेन वृक्षांची. एका झाडावर एक काका पाठ आपटत असतात, धप, धप. दोन बायका टाळ्या वाजवत उलट्या चालतात. एक आजोबा काठीएवढ्या कुंचल्याने फरशीवर नुसत्या पाण्याने कविता लिहितात. शेवटची ओळ पुरी होईपर्यंत पहिली वाळलेली असते. पलीकडे स्पीकर लावून नाच चालतो. मार्क्स आणि एंगेल्स तेवढे अजिबात हलत नाहीत, पण ते दगडाचे आहेत.

पहिल्या रविवारी चौथ्या मिनिटाला मी हात खाली टाकले. लाओशींनी विचारलं, कुठला? म्हटलं, यिंदू, म्हणजे भारत. भारतात कुठला? सोलापूर. हे नाव तिथे कुणाला कळणार! म्हणून मी जोडलं, "के दिहुआंच्या गावचा." आणि बागेतली सहा म्हातारी माणसं हातातली अदृश्य झाडं सोडून माझ्याकडे वळली.

के दिहुआ म्हणजे आपले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनमध्ये गेले, तिथल्या सैनिकांवर उपचार करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. या पिढीला ते नाव पाठ आहे. लाओशींनी स्वतःच्या थर्मासमधलं गरम पाणी मला झाकणात ओतून दिलं. चीनमध्ये सर्दीपासून प्रेमभंगापर्यंत सगळ्यावर गरम पाणीच देतात, त्यामुळे हा सत्कार होता की उपचार, हे सांगता येणार नाही.

पण भैया चौकातल्या त्यांच्या घरावरून आयुष्यभर नुसता ये-जा करणाऱ्या माणसाने ते नाव वापरलं, त्याची किंमत लगेच मोजावी लागली. लाओशी म्हणाले, "1940 च्या लढाईत के दिहुआंनी सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्या. उभं राहून." मग घड्याळ बघितलं. "तू चार मिनिटं."

प्रश्न गावाच्या अब्रूचा झाला. दुसऱ्या रविवारी मी सात मिनिटं काढली.

तसं पाहिलं तर उभं राहण्यासाठी प्रसिद्ध असा आणखी एकजण आमच्या सोलापूर जिल्ह्यात आहे. अठ्ठावीस युगं. आजीबरोबर लहानपणी पंढरपूरला गेलो तेव्हा मला त्याचं फारसं कौतुक वाटलं नव्हतं, आता वाटतं. पण एक गोष्टही ध्यानात आली: त्याने हात कमरेवर ठेवलेत. ही सोय केवढी मोलाची आहे हे सातव्या मिनिटाला कळतं. पुंडलिकाने वीट फेकताना "आणि हात झाडाला मिठी मारल्यासारखे धर" असं सांगितलं असतं, तर देव पहिल्याच युगात वैकुंठाला परतला असता.

घरी फोनवर हे सांगितलं. बायको म्हणाली, "म्हणजे तिथे जाऊन नक्की करतोस काय?"

"उभा राहतो."

"आणि मग?"

"मग बसतो."

"पैसे घेतात?"

"नाही."

"मग राहा उभा." आईने मागून फोन घेतला. "रेशनच्या रांगेत उभा राहा म्हटलं की पाय दुखायचे तुझे. चीनला जाऊन सुटले होय रे?"

गंमत म्हणजे हे सगळं मुळात मारामारीचं शास्त्र आहे. वांग श्यांगजाय (1885–1963) हे शिंगयीछुआन या युद्धकलेत तयार झालेले. त्यांना वाटलं, लोक डावपेचांची नक्कल करत बसतात आणि गाभा विसरतात. म्हणून 1920 च्या दशकात त्यांनी ठरावीक डावांच्या मालिका बाजूला ठेवल्या, उभं राहणं पायाशी घेतलं आणि त्यातून यीछुआन नावाची नवी युद्धकला उभी केली. पुढे बीजिंगमध्ये त्यांनी हेच उभं राहणं आजारी माणसांना शिकवलं. म्हणजे माझी मान ज्या विद्येने सुटतेय, त्या विद्येने एके काळी दुसऱ्याची मान पकडत. लाओशींचं या बाबतीत बोलणं मोजकं. दीर्घायुष्य मिळतं का, असं विचारलं तर म्हणतात, "ऐंशीपर्यंत उभा राहा, मग सांगतो." छी खोलीभर उडवणाऱ्यांची नावं काढली तर हसतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला छीगोंगचा ताप चढलेला असताना लोक विश्वातले संदेश झेलायला डोक्यावर ॲल्युमिनियमची पातेली घालून बसत, त्याचे फोटो आहेत. "पातेलं कशाचं?" लाओशी म्हणतात, "भाताचं!"

मान सुटली, हे कबूल करायला हवं. उभं राहून सुटली, की रविवारी सात वाजता बागेत जायचं म्हणून शनिवारी रात्री लॅपटॉप मिटायला लागलो त्याने, ते देव जाणे. पण मान सुटल्यावर लाओशींनी गृहपाठ दिला: आठवड्यात आणखी तीनदा, एकट्याने, वीस मिनिटं. आणि संपवताना हात झटकन टाकायचे नाहीत, सावकाश पोटाशी आणायचे, मगच हलायचं. मध्ये कुणी बोलावलं तरी ओ द्यायची नाही.

त्या शनिवारी दुपारी मी पीपल्स स्क्वेअरला कामाने गेलो होतो. शेजारीच पीपल्स पार्क, पूर्वीचं घोड्यांच्या शर्यतींचं मैदान. म्हटलं, गृहपाठ उरकू. झुडपाकडे तोंड करून एक निवांत कोपरा धरला, झाड मिठीत घेतलं, डोळे अर्धे मिटले. शनिवार-रविवारी दुपारी त्या बागेत लग्नाचा बाजार भरतो, हे मला माहीत होतं. तो नेमका याच कोपऱ्यापर्यंत सरकतो, हे माहीत नव्हतं.

आठव्या-नवव्या मिनिटाला अर्ध्या मिटल्या डोळ्यांना छत्र्या दिसू लागल्या. रंगीबेरंगी, उघडून जमिनीवर ठेवलेल्या, प्रत्येकीवर चिकटवलेला कागद: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, घर आहे का, हुकौ, म्हणजे रहिवासाची सरकारी नोंद, शांघायची आहे का. छत्रीमागे आई किंवा बाप. आपल्याकडच्या वधू-वर मेळाव्यासारखंच, फक्त वधू-वर आलेले नसतात.

एक आयी माझ्यासमोर थांबल्या. "मुलासाठी की मुलीसाठी?"

जीभ टाळूला. मी गप्प.

"परदेशी आहे," दुसऱ्या म्हणाल्या. "स्वतःसाठीच असेल. वय जरा जास्त वाटतं."

"केस विरळ आहेत."

"पण उभा चांगला राहतो."

आठ महिन्यांत मला कुणी दिलेली ही पहिली शाबासकी. पहिल्या आयींनी मला एकदा वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, मग स्वतःची जांभळी छत्री आणून माझ्या पायाशी टेकवली आणि म्हणाल्या, "तू उभाच आहेस तर जरा लक्ष ठेव. मी गरम पाणी भरून आणते." आणि गेल्या.

छत्रीवर मुलगी होती: 1991, 1.63 मीटर, पदव्युत्तर, स्वभाव शांत. दोन बाप येऊन वाचून गेले. तिसऱ्याने कागद वाचून माझ्याकडे बघितलं, मुलगी कुणावर गेली असेल याचा अंदाज घेतला, आणि तो निघून गेला. त्या मुलीचं एक स्थळ माझ्यामुळे गेलं, या विचाराने खांदे ताठ झाले. मनगटावर घड्याळ थरथरलं: उठा, उभे राहा.

आयी आल्या. थर्मास काखेत मारला, छत्री उचलली, माझ्या खांद्यावर एक बोट ठेवून तो अलगद खाली दाबला आणि म्हणाल्या, "सोंग, सोंग."