ओटीपी कोणालाही सांगू नये

मी अंबाजोगाईत बावीस वर्षे शाळेत शिकवतो, त्यामुळे कोणताही विषय फळ्यावर लिहिला की मुलांना समजतो, अशी माझी जुनी समजूत आहे. दहावीतले चिरंजीव आणि बारावीतली कन्या यांना मोबाइलवर सुरक्षित कसे राहावे हे एकदा नीट सांगावे, असे ठरवून मी रविवारची दुपार निवडली. निवडीत माझे कौशल्य काही नव्हते. लाइट गेली होती, वाय-फाय बंद होते आणि घरात बाप आहे हे दोघांनाही आठवण्याइतकी सवड मिळाली होती.

पहिला धडा सोपा होता. बँकेतून बोलतोय म्हणो, पोलीस ठाण्यातून बोलतोय म्हणो, ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. वाक्य पुरे होण्याआधीच चिरंजीवांनी विचारले, "पप्पा, मग परवा पीकविम्याचा?"

परवाची गोष्ट अशी, की शेत माझ्या आईच्या नावावर, आधारला जोडलेले सिमकार्ड तिच्या बटणांच्या मोबाइलमध्ये आणि अर्ज भरणारा मुलगा चौकातल्या सेवा केंद्रात. त्याचा फोन मला आला, ओटीपी आईला आला, आईला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून तिने मोबाइल नातीला दिला, नातीने आकडे मोठ्याने वाचले आणि केंद्रातल्या गर्दीमुळे पलीकडे ऐकू जात नसल्याने तेच आकडे मी दुप्पट आवाजात म्हटले. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंनी दुरुस्ती केली, "सर, पाच न्हाई, नऊ म्हनली ती!"

शेतकरी ओळख क्रमांकापासून लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीपर्यंत ज्या घरातले एकही काम ओटीपी ओरडून सांगितल्याशिवाय होत नाही, त्या घरात हा धडा शिकवणे म्हणजे ज्वारीच्या राशीवर बसून चिमण्यांना उपवासाचे महत्त्व सांगणे होय.

मी घाईने यूपीआयकडे वळलो. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, पिन लागतो तो पैसे देताना, हे दोघांना पाठ होते. कारण गेल्या उन्हाळ्यात जुना कूलर विकताना कन्येनेच माझा हात ऐन वेळी धरला होता. त्या प्रसंगाचा तपशील येथे आवश्यक नाही.

इन्स्टाग्रामवर खाते उघडायला १३ वर्षे पूर्ण लागतात. चिरंजीवांनी अकराव्या वर्षीच जन्मसाल १९९० टाकून ते उघडले असल्याने त्या हिशेबाने ते माझ्या लग्नात पंगतीला वाढायला उभे राहू शकले असते. अठरा वर्षांखालील मुलांची खाती आपोआप खासगी राहण्याची जी सोय आहे, ती या पस्तिशीच्या गृहस्थांना अर्थातच लागू नव्हती. जन्मसाल दुरुस्त करायचे त्यांनी कबूल केले, पण मिशी उतरवायला सांगितल्यासारखा चेहरा करून.

मग मला खरोखर सांगायचे होते ते सांगितले. कोणी फोटोवरून धमकावले तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचे नाही, आधी आम्हाला सांगायचे. मग सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करता येते आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करायचा. कन्येने शांतपणे विचारले, "तुम्ही ओरडणार नाही ना?" मी "छे!" म्हणालो, पण ते इतक्या मोठ्याने की दोघांनी एकमेकांकडे पाहिले. धमकावणाऱ्याचा निम्मा धंदा बापाच्या आवाजाच्या भीतीवर चालतो, हे मला तेव्हा लख्ख कळले. मी पुन्हा एकदा, हळू आवाजात, "नाही ओरडणार" म्हणालो.

एवढ्यात फोन वाजला. सेवा केंद्रातला मुलगा होता. परवाचा अर्ज अडकला होता आणि नवा ओटीपी पाठवला होता. मुलांसमोर शोभा नको म्हणून मी गच्चीवर गेलो. कन्या माझ्या आईचा मोबाइल घेऊन मागोमाग आली आणि तिने सहा आकडे माझ्या कानात सांगितले. मीही ते तोंडावर हात धरून कुजबुजलो.

"सर, आवाज येईना गेलाय, जोरात बोला!"

शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकू ओले लुगडे तसेच हातात धरून, कान देऊन उभ्या होत्या.